लातूरहून इलेक्ट्रिक विमान उडवायचंय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

लातूरला आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. चाळिशी ओलांडल्यावर डोक्यात खूळ शिरलं म्हणून प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं, म्हणजे पीपीएल. ते कळल्यापासून गावाकडनं, पाव्हण्यांकडनं, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडनं एकच प्रश्न यायलाय, "काय हो, आता ते बॅटरीवरलं विमान आलंय म्हणं, स्कूटरसारखं रात्री चार्जिंगला लावायचं आन सकाळी उडायचं, खरंय का?" खरं आहे पण तेवढंच खरं नाही. मी स्वतः तसल्या विमानात बसून आलोय, आणि एका एजंटाला टोकन देऊन पस्तावलोय पण, म्हणून जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते एकेक करून लिहितोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

१. आधी ठरवा, उडायचंय का जायचंय

ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा घोळ हितंच होतो. एकाच धावपट्टीवरनं उठायचं, गोल चक्कर मारायची, परत उतरायचं, परत उठायचं, ह्याला सर्किट म्हणतात आणि शिकताना बराच वेळ हेच चालतं. ह्या कामाला आजचं इलेक्ट्रिक विमान चांगलं आहे, काही बाबतीत तर पेट्रोलवाल्यापेक्षा बरं. पण तुम्हाला लातूरहून संभाजीनगरला मिटिंगला जाऊन संध्याकाळी परत यायचंय, असलं डोक्यात असंल तर आजच्या घडीला विसरा. कार काढा.

उदाहरण म्हणून एकच विमान धरू, कारण कागदोपत्री सगळ्यात पक्कं तेच आहे. पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो, स्लोव्हेनिया देशातली कंपनी, २०२२ पासून अमेरिकेच्या टेक्स्ट्रॉन कंपनीकडं आहे. जून २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा बघणाऱ्या इयासा संस्थेनं ह्याला टाइप सर्टिफिकेट (मॉडेल उडायला सुरक्षित असल्याचा दाखला) दिलं, पूर्ण बॅटरीवर चालणारं असं सर्टिफिकेट मिळालेलं हे जगातलं पहिलं विमान. डेन्मार्कच्या हवाई दलानं दोन भाड्यानं घेऊन वापरून पण बघितली. दोन सीटं, भरलेलं वजन जास्तीत जास्त ६०० किलो, मोटार ५७.६ किलोवॅटची, म्हणजे आपल्या भाषेत ७७ एचपी, पाच एचपीचे पंधरा पंप एकदम चालू केल्यागत.

२. बॅटरीचं गणित स्वतः करा, ब्रोशरवर जाऊ नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, बाकी काही वाचलं नाही तरी चालंल.

एक किलो विमानाच्या पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॅट अवर म्हणजे १२ युनिट ऊर्जा असते. वेलिसच्या बॅटऱ्या दोन मिळून दीडशे किलोच्या आसपास आणि त्यात वीस-बावीस युनिट, म्हणजे किलोमागं कसंबसं ०.१५. आता कुणी म्हणंल इंजिन तर निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेतच घालवतं, मोटार नव्वद टक्के कामाला लावते. बरोबर आहे, मी मोटारीवरच पोट भरतोय, मला नका सांगू. पण तरी हिशेब करा. ७० किलो पेट्रोल, गुणिले १२, त्यातलं पाव कामाला आलं तरी दोनशेवर युनिट. आणि त्याच्या दुप्पट वजनाच्या बॅटरीत वीस. दहापट फरक राहतोच.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्याचा टँकर आपल्याकडं सगळ्यांनी बघितलाय, येताना भरलेला असतो तेव्हा चढाला दम टाकतो, खाली करून जाताना पळतो. पेट्रोलचं विमान तसंच, उडंल तसं हलकं होतं. बॅटरी भरलेली असो का संपलेली, वजन तेवढंच. शेवटच्या मिनिटाला पण ते दीडशे किलो तुमच्या मांडीवर बसल्यागत.

मग वजनाला उरलं काय? वेलिसमध्ये माणसं आणि सामान मिळून साधारण १७२ किलो. मी ८४, जर्मनीत मला फिरवणारा गोरा इन्स्ट्रक्टर माझ्यापेक्षा थोडा हलका, तरी त्यानं मला बूट काढून वजनकाट्यावर उभं केलं आणि माझी पिशवी ऑफिसातच ठेवायला लावली. आपल्याकडं लग्नसराईनंतर दोन मित्र बसायचे म्हणले तर एकाला खाली उतरावं लागंल.

आता वेळ. कंपनी सांगते ५० मिनिटांपर्यंत आणि वर राखीव. म्हणजे सगळं पिळून काढलं तर तासभर धरा. आपल्याकडं दिवसा नजरेनं बघून उडायचं असलं, ज्याला व्हीएफआर म्हणतात, तरी शेवटी ३० मिनिटांचं इंधन शिल्लक असलं पाहिजे. युरोपात धावपट्टीच्या नजरेच्या टप्प्यात फिरायचं असलं तर १० मिनिटांवर भागतं, म्हणून तिथल्या क्लबांना हे विमान परवडतं, हे ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात नसतंय. तासातनं अर्धा तास गेला, उरला अर्धा, त्यात चढायलाच बॅटरी सगळ्यात जास्त खाती. वेग ताशी १६० च्या आसपास. म्हणजे सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. बस.

सापळा: बॅटरी कमी राहिली की ती नुसती थोडा वेळ चालती असं नाही, तिची ताकद पण कमी होती. उतरताना धावपट्टीवर कुत्रं आलं आणि परत वर उठायची पाळी आली तर नेमकं तेव्हाच पूर्ण जोर मिळत नाही. पेट्रोलवाल्या विमानात टाकी तळाला गेली तरी इंजिन शेवटच्या थेंबापर्यंत तेवढाच जोर देतं. त्यामुळं इलेक्ट्रिकमध्ये "अजून वीस टक्के आहे की" हे मोबाईलवालं डोकं चालवायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉर्वेत ह्याच कंपनीचं आधीचं मॉडेल, अल्फा इलेक्ट्रो, हवेत पॉवर जाऊन तळ्यात उतरवावं लागलं होतं, आतली दोघंही सुखरूप बाहेर आली. तेव्हा त्या मॉडेलला सर्टिफिकेट नव्हतं.

३. नकाशा घ्या आणि पट्टी ठेवा

मराठवाड्यात मोठा विमानतळ संभाजीनगरचा चिकलठाणा, मग नांदेड, लातूर, आणि धाराशिवची धावपट्टी. हवाई अंतर मी मोजून ठेवलंय, अंदाजे धरा:

- लातूर ते धाराशिव: ४५-५० किमी
- लातूर ते नांदेड: १२५ किमी
- लातूर ते संभाजीनगर: १९५-२०० किमी
- संभाजीनगर ते नांदेड: २१५ किमी

वरच्या हिशेबात बसतंय फक्त पहिलं. ते पण एका बाजूनं. तिकडं उतरल्यावर चार्जर नसंल तर विमान तिथंच, तुम्ही एसटीनं घरी. आणि समोरून २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) वारा असला तर ९० नॉटचं विमान जमिनीच्या हिशेबात ७० नं चालतं, हे धरलेलंच नाही अजून.

बीड, परभणी, हिंगोलीवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला आधी गाडीनं धावपट्टीपर्यंत जावं लागणार. "आपल्या शेतात धावपट्टी करू की, दहा एकर पडीकच आहे," हे मला आतापर्यंत चार जणांनी ऐकवलंय. जेसीबीनं पट्टी सपाट होईल एका दिवसात, पण तिला परवानगी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमानांचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, लागती आणि त्याआधी वेगवेगळ्या खात्यांच्या ना-हरकती. शिवाय उडताना प्रत्येक वेळी फ्लाइट प्लॅन, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर आणि एअर डिफेन्सच्या परवानगीचा एडीसी नंबर हे प्रकरण असतंय. मोटारसायकलला किक मारल्यासारखं उठून जाता येत नाही. पहिल्यांदा मला वाटलं हे लै किचकट, पण दोन-तीनदा केलं की फोनवर दहा मिनिटाचं काम होतं.

४. आपलं ऊन

एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश आपल्याला नवीन नाही. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९०० फुटांवर आहे, पण ४२ अंशाला हवा एवढी पातळ होती की विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. ह्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. पंख कमी उचलतो, पंखा कमी ओढतो, धावपट्टी जास्त लागती.

इथं इलेक्ट्रिकची एक बाजू चांगली आहे ती सांगितली पाहिजे. साधं पेट्रोल इंजिन पातळ हवेत गुदमरतं, त्याला ऑक्सिजन कमी पडतो आणि एचपी घटते. मोटारीला श्वास घ्यायचा नसतो, तिची ताकद तेवढीच राहती. फक्त उष्णता बाहेर टाकायला पातळ आणि गरम हवा कामाची नसती, आणि आपलं घोडं तिथंच अडतं. बॅटरी तापलेली असली तर चार्जिंग हळू होतं नाहीतर आधी थंड व्हायची वाट बघावी लागती. वेलिसच्या बॅटऱ्यांना पाण्याच्या रेडिएटरसारखं लिक्विड कूलिंग आहे, मोटार बंद झाली तरी पंप आणि फॅनचा आवाज येत राहतो, तरी पण ४३ अंशात डांबरावर उभं केलेलं विमान म्हणजे काय ते ज्यानं दुपारी बंद कारमध्ये हात घातलाय त्याला माहितीय.

माझं मत, आपल्याकडं हे विमान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी धुकं उठल्यापासून अकरापर्यंत. उन्हाळ्यात पहाटे उजाडल्या उजाडल्या. दुपारी कोणतंच छोटं विमान नको, गरम हवेच्या उसळ्यांनी पोटातलं बाहेर येतं. पावसाळ्याचं ढगावर अवलंबून.

५. लायसन्स: पहिल्यांदा हेच, विमान नंतर

इलेक्ट्रिक आहे म्हणून लायसन्स लागत नाही असं कुणी सांगितलं तर तिथनं उठून या. माणूस बसून उडतंय म्हणजे लायसन्स लागणारच.

क्रम असा ठेवा. मी उलटा ठेवला होता आणि फी भरून दोन महिने बसून राहिलो.

पहिलं मेडिकल. क्लास टू मेडिकल, डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरकडंच, यादी त्यांच्या साइटवर असती. डोळे, कान, ईसीजी, रक्त, सगळं होतं. चष्मा असला तर चालतो, पण रंग ओळखण्यात गडबड असंल तर ते आधी कळलेलं बरं. शुगर-बीपी लपवायच्या भानगडीत पडू नका. मेडिकल पास झाल्यावरच क्लबला पैसे भरा.

दुसरं, एसपीएल म्हणजे विद्यार्थी लायसन्स. वय १६ पुरं पाहिजे, दहावी पास पाहिजे. तिसरं, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर नोंदणी आणि परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर. चौथं, परीक्षा: नेव्हिगेशन, हवामान, एअर रेग्युलेशन, विमानाची तांत्रिक माहिती. हवामानाचा पेपर आपल्या शेतकऱ्याच्या पोराला सोपा जातो असं मला वाटलं होतं. नाही जात. पाचवं, रेडिओचं लायसन्स. हे आधी दूरसंचार खात्याकडं असायचं, नवीन विमान कायदा १ जानेवारी २०२५ ला लागू झाला तसं डीजीसीएकडं आलं, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून अर्ज भरू नका.

आणि उड्डाण: पीपीएलला कमीत कमी ४० तास, त्यात १० तास एकट्यानं, त्यात पण ५ तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, आणि एक फेरी निदान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन ठिकाणी उतरून. १५० नॉटिकल मैल म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर. आता वरचा हिशेब आठवा. म्हणजे नुसत्या इलेक्ट्रिक विमानावर आजच्या घडीला आख्खं पीपीएल होऊच शकत नाही, ती फेरी पेट्रोलवाल्यावरच मारावी लागणार. ही एक ओळ कुणी मला आधी सांगितली असती तर अर्धे प्रश्न मिटले असते.

वयाचं म्हणाल तर पीपीएलला १७ पूर्ण, वरनं अडचण नाही जोवर मेडिकल पास होतंय. खर्च क्लबप्रमाणं बदलतो, ताशी दहा-पंधरा हजार धरून चाला आणि ४० तासांत होईलच असं धरू नका, मला जास्तच लागले.

कागदपत्रं, ही फाईल आधीच करा:

- दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, ओरिजनल
- बोर्डाकडनं मार्कशीटची पडताळणी
- जन्मतारखेचा दाखला
- आधार, पॅन, पासपोर्ट असला तर उत्तम
- क्लास टू मेडिकलचे कागद
- पत्त्याचा पुरावा
- फोटो, पांढरी पार्श्वभूमी, सहीचा स्कॅन

आपला खास सापळा: नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. आधारवर आपलं नाव आधी. पासपोर्टवर तिसरंच. माझ्या वडिलांच्या नावामागं आधारवर "राव" लागलंय आणि मार्कशीटवर नाही, एवढ्या एका रावानं माझे पाच आठवडे खाल्ले. सगळीकडं एकसारखं करून घ्या, मग अर्ज भरा. बोर्डाची पडताळणी लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांना लातूर विभागाकडनं आणि बाकीच्यांना संभाजीनगर विभागाकडनं, आणि हे काम स्वतः जाऊन करा.

अजून एक. लायसन्सवर पिस्टन इंजिनच्या विमानाचं रेटिंग आलं म्हणजे इलेक्ट्रिकचं आपोआप आलं असं धरू नका. वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, युरोपातल्या पायलटांना पण घ्यावं लागतं. चारशे व्होल्टच्या आसपासची डीसी सिस्टीम आहे ती, दुकानात आम्ही थ्री फेजला हात लावताना जेवढे घाबरतो त्यापेक्षा डीसीला जास्त घाबरतो, ठिणगीचा जाळ एकदा पेटला की सहज तुटत नाही.

६. चार्जिंग

विमानाला स्वतःचा चार्जर लागतो, रस्त्याकडंच्या कारच्या चार्जिंग स्टेशनवर नेऊन लावता येत नाही (आणि नेणार कसं). वेलिसचा चार्जर वीस किलोवॅटच्या आसपासचा, थ्री फेज. तीस-पस्तीस टक्क्यांवरनं पंच्याण्णवपर्यंत यायला सव्वा ते दीड तास. म्हणजे उडायचं अर्धा-पाऊण तास, थांबायचं दीड तास. एकट्या माणसाला चालंल, क्लबात चार पोरं रांगेत असतील तर दिवसात किती उड्डाणं होतील हे तुम्हीच बघा.

विजेचा खर्च मात्र ऐकून हसू येतं. नुकसान धरून पंचवीस युनिट, बारा रुपयांनी तीनशे रुपये. लातूरहून औशाला कारनं जाऊन आलं तर जेवढं लागतं त्याच्या जवळपास. पेट्रोलवालं छोटं रोटॅक्स इंजिन तासाला पंधरा-अठरा लिटर पितं, आणि परभणीचा पेट्रोलचा भाव तर राज्यात सगळ्यात महाग म्हणून पेपरात येत असतोय. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, रोटॅक्सला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे, म्हणजे पंपावरनं कॅन भरून आणायचा मार्ग पण बंद. विमानाचं खास पेट्रोल, एव्हगॅस, २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरातच्या रिफायनरीत बनवती, पण ते आपल्या छोट्या धावपट्टीपर्यंत बॅरलनं आणायला लागतं. ह्या एका बाबतीत इलेक्ट्रिक आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या गावाला खरंच सोयीचं आहे, वीज तर सगळीकडं पोचलीय.

पोचलीय, पण व्होल्टेज? आमच्या दुकानात जळून आलेल्या मोटारींपैकी किती कमी व्होल्टेजनं जळालेल्या असतात ते मी बघतो रोज. हँगरला स्वतंत्र थ्री फेज कनेक्शन, तेवढा मंजूर लोड, चांगलं अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन. लाइट गेल्यावर डिझेल जनरेटरवर इलेक्ट्रिक विमान चार्ज करायचं म्हणजे उपवासाला बकरा कापल्यागत.

आणि तीनशे रुपयावर भाळू नका. बॅटरी ठरलेल्या तासांनी बदलावी लागती, तिची किंमत प्रत्येक तासावर वाटली की विजेतली बचत बरीचशी तिच्यातच जाती. विकणाऱ्याला हा आकडा लेखी मागा.

७. विकत घ्यायचं असंल तर

वेलिसची किंमत युरोपात दोन लाख युरोच्या घरात, म्हणजे दोन कोटींच्या आसपास. वर टॅक्स. इलेक्ट्रिक कारला जीएसटी ५ टक्के आहे म्हणून विमानाला पण तेवढाच असंल असं मला वाटलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानाला ४० टक्के. बॅटरीवर चालो नाहीतर रॉकेलवर. सीएला विचारा, मला नको.

आता माझी फजिती. एका एजंटाचा फोन आला, दोन सीटर इलेक्ट्रिक, तीन तास उडतं, शेतातनं उठतं, लायसन्सची गरज नाही, बुकिंग चालू. मी एक्कावन हजार टोकन पाठवलं, घरी न सांगता. ब्रोशर नंतर आलं. रात्री दुकानात बसून वाचायलो तर बॅटरी २५ युनिट लिहिलेली. २५ भागिले ३ तास, आठ किलोवॅट. म्हणजे अकरा एचपी! अहो आमच्या मळ्यात विहिरीवर साडेसातचा पंप आहे. सहाशे किलोचं विमान नुसतं सरळ हवेत ठेवायलाच पंधरा-वीस किलोवॅट लागतात, चढायचं तर सोडाच. शाळेतल्या पोरानं पण पकडलं असतं, मी मोटारीतला माणूस असून पैसे पाठवल्यावर पकडलं. टाइप सर्टिफिकेटचा नंबर मागितला तर "प्रोसेसमध्ये आहे सर". सात महिने मागं लागून तीस हजार परत आले, उरलेले विद्यादान समजलो. घरच्यांना हे आता वाचून कळंल.

म्हणून विकणाऱ्याला हे पाच प्रश्न, फोनवर नाही, ईमेलवर:

- टाइप सर्टिफिकेट कोणत्या देशाचं, नंबर काय
- डीजीसीएनं हे मॉडेल मान्य केलंय का, कागद दाखवा
- बॅटरी किती युनिट, त्यातली वापरायला किती, किती तासांनी बदलायची, किती रुपये
- दुरुस्तीला लायसन्सवाला इंजिनिअर भारतात कुठं बसतो
- ४० अंशाच्या वर उडायला आणि चार्ज करायला मॅन्युअल काय सांगतं, ते पान पाठवा

दुसऱ्या प्रश्नावरच बहुतेक फोन कट होतात.

८. मग आत्ता करायचं काय

थांबा म्हणत नाही. पेट्रोलवाल्या विमानावर पीपीएल करा, ते वाया जात नाही. पैसे कमी असतील आणि नुसतं हवेत जायचंय तर पुण्याला हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, उड्डाणं चालू आहेत का ते फोन करून विचारून जा. ग्लायडर शिकलेल्या माणसाला इलेक्ट्रिक विमान लवकर समजतं, कारण दोन्हीकडं हिशेब एकच, हातात आहे तेवढ्यात घरी पोचायचं.

परदेशात कुणी नातेवाईक असंल तर तिथं वेलिसची ट्रायल फ्लाइट घ्या. माझा भाचा जर्मनीत आहे, त्याच्याकडं गेलो तेव्हा तिकडच्या एका क्लबात घेतली. जमिनीवर थ्रॉटल मागं घेतला की पंखा चक्क थांबतो, सिग्नलला इलेक्ट्रिक स्कूटर थांबल्यागत, मला वाटलं बंद पडलं. उठताना आवाज असा नाहीच, हेडसेट काढून इन्स्ट्रक्टरशी बोललो. हादरे नाहीत. पस्तीस मिनिटांत तीन वेळा उतरून उठलो, आणि सगळा वेळ माझी नजर बाहेरच्या द्राक्षाच्या मळ्यांपेक्षा त्या टक्क्याच्या आकड्यावर जास्त होती.

आपल्या देशातलं म्हणाल तर बंगळुरूच्या एनएएल संस्थेनं हंसा नावाचं दोन सीटर विमान बनवलंय, त्याची इलेक्ट्रिक आवृत्ती ई-हंसा आणणार असं केंद्रीय मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये सांगितलं, किंमत साधारण दोन कोटी. शिकवण्यासाठीच आहे ते. अमेरिकेनं पण जुलै २०२५ मध्ये छोट्या विमानांचे नियम बदलून हलक्या गटात इलेक्ट्रिक मोटारीला जागा दिली, आधी तिथं त्या गटात पिस्टन इंजिनच पाहिजे असायचं. माझा अंदाज, आपल्याकडं पहिलं इलेक्ट्रिक विमान कुणा हौशी माणसाच्या हँगरात नाही, फ्लाइंग स्कूलमध्ये दिसंल, तेव्हा तिथं तासावर पैसे देऊन उडवा. बॅटरी बदलायची चिंता त्यांची.

तर सुरुवात मेडिकलपासून. आदल्या रात्री झोप काढा, सकाळी उपाशीपोटी जा, रक्त काढतात. चष्मा असंल तर स्पेअर चष्मा पण न्या, दोन्ही दाखवा म्हणतात. आणि मार्कशीट लॅमिनेट करू नका. माझं केलेलं होतं.